सुट्टीतली सुतारकी : सागवान, कूलर आणि गिटार

सुट्टीच्या दिवशी घरी लाकूडकाम करणाऱ्या आणि त्यातही गिटार बनवू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे बहुतेक नागपूर शहरातीलच असल्यामुळे उत्तरेही इथल्या हवेला आणि इथल्या बाजाराला धरून दिली आहेत. इतर ठिकाणच्या वाचकांनी त्यातील महिने आपापल्या हवेप्रमाणे बदलून घ्यावेत.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार तिथेच जातो. आतापर्यंत पाट, स्टूल आणि पुस्तकांची मांडणी एवढे केले आहे. महाल भागातील आमचा जुना वाडा पाडला तेव्हा दरवाजांचे सागवान ठेवून घेतले होते. त्यातून पूर्ण अकूस्टिक गिटार बनवावी असा विचार आहे. आमचे मिस्त्री म्हणतात की सागासारखे लाकूड नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : मिस्त्रींचे बरोबर आहे, पण ते दरवाजाच्या हिशेबाने बोलत आहेत. अंगचे तेल, वाळवीला दाद न देणारा गाभा आणि उन्हापावसात आकार फारसा न बदलणे हे सागाचे गुण आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून येणाऱ्या सागाची ख्याती आपल्याला नवी नाही. दिल्लीतील नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेले. गिटारच्या तबलीला, म्हणजे ज्या पुढच्या पानावर ब्रिज (तारा अडकवण्याची पट्टी) बसतो त्या पानाला, मात्र वेगळे गुण लागतात. तारेची हालचाल अगदी क्षीण असते आणि तेवढ्या हालचालीने ते अख्खे पान हलायला हवे असते, म्हणून तिथे लाकूड वजनाला हलके आणि तरीही रेषेच्या दिशेने ताठ असावे लागते. तबलीसाठी वापरतात त्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो भरते, तर सागाचे ६५० च्या आसपास. सागाची तबली स्प्रूसइतकी हलकी करायची तर ती इतकी पातळ तासावी लागेल की तारांच्या ओढीने ब्रिजच्या मागे तिला पोट सुटेल. स्टीलच्या तारांच्या लाइट संचाची एकूण ओढ ७० किलोंहून अधिक असते, हे लक्षात घ्यावे. ताठपणासाठी जाड ठेवली तर आवाज दबका येईल.

मागच्या पानाला आणि बाजूंना आपला साग खुशाल वापरा. तिथे लाकडाची निवड आवाजावर त्या मानाने फार कमी परिणाम करते. आजच्या क्लासिकल गिटारला तिचा आकार ज्यांनी दिला त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एका गिटारचे मागचे पान आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या, त्या तबलीचे महत्त्व दाखवण्यासाठीच. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे.

आता दरवाजाच्या फळ्यांकडे वळू. प्रत्येक फळीचे टोक रंध्याने साफ करून तिच्या कापाकडे पाहा. वर्षवलयांच्या रेषा फळीच्या रुंद अंगाशी काटकोनात उभ्या दिसत असतील ती फळी गिटारसाठी बाजूला ठेवा आणि रेषा आडव्या, कमानीसारख्या दिसत असतील ती मांडणीला वापरा. लाकूड वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. म्हणून उभ्या रेषांचे पान कमी हलते आणि कमी फाटते. फळी चिरून पातळ पाने काढण्यासाठी लकडगंजातील आरामशीनवर जावे लागेल. त्याआधी जोरदार चुंबक फिरवून खिळे आणि तुटक्या बिजागऱ्यांचे स्क्रू शोधून काढा, कारण एकदा पाते खिळ्यावर गेले की तो आरामशीनवाला आपले लाकूड पुन्हा हातात घेणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरून चालावी. तो कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा आणि खरवड गोळा करून टाकावी.

सागाचे दोन उपद्रव मात्र सोसावे लागतील. त्याच्यातील सिलिका रंध्याची धार झपाट्याने खाते, त्यामुळे दगडपाणी शेजारीच ठेवावे. दुसरे म्हणजे त्याचे तेल गोंदाला धरू देत नाही. जोडायचे अंग ताजे तासून, ॲसिटोनच्या फडक्याने पुसून, लगेच गोंद लावावा. सकाळी तासून ठेवलेले पान संध्याकाळी चिकटवू नये.

तबलीसाठी स्प्रूसची जुळी पाने विकतच आणावी लागतील. तबलीच्या आतून आधाराला चिकटवायच्या पट्ट्यांसाठी मात्र एक सोय आहे. परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्यांचे लाकूड पुष्कळदा स्प्रूस किंवा पाइन असते आणि गाठ नसलेल्या, सरळ रेषेच्या अरुंद पट्ट्या त्यातून निघू शकतात. खोक्यावरचा छाप पाहून घ्या : ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेले असते, ते घरात आणू नये.

इतके सांगून झाल्यावर एक वेगळा सल्ला. पहिले वाद्य म्हणून स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युकुलेली करा. तिला नायलॉनच्या चार तारा असतात, ओढ फार कमी असते, पाने लहान असतात आणि हवाईमध्ये ती परंपरेने ज्या कोआ लाकडाची, तबलीसकट, करतात ते वजनाला सागाच्या बरेच जवळ आहे. आपल्या वाड्याच्या दरवाजातून संपूर्ण वाद्य निघावे ही आपली इच्छाही त्यात पुरी होईल, आणि बाजू वाकवणे, पट्ट्या बसवणे, दांडी जोडणे ही सगळी कामे एकदा हाताखालून जातील.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या रविवारी बसून मी अकूस्टिक गिटार पूर्ण केली. दिवाळीत ती उत्तम वाजत होती. एप्रिलमध्ये तारा फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखरू लागल्या आणि मे महिन्यात ब्रिजखालून तबलीला उभा तडा गेला. लाकूड पूर्ण वाळलेले आहे असे विकणाऱ्याने सांगितले होते. गिटार हॉलमध्ये भिंतीला टांगलेली असते आणि समोरच्या खिडकीला कूलर आहे. दोष लाकडाचा की माझ्या कामाचा?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : लाकूड बहुधा चांगलेच होते आणि आपले कामही. दोष महिन्याचा आहे. नागपुरात गिटार बनवणाऱ्याने आधी कॅलेंडर आणि मग रंधा हातात घ्यावा, हे मी या सदरातून पूर्वीही लिहिले आहे आणि पुढेही लिहावे लागेल असे दिसते.

लाकूड एकदा वाळले की काम संपले, असे नसते. ते आयुष्यभर भोवतालच्या हवेतून ओलावा घेत आणि सोडत राहते. ३० अंश तापमानाला आणि ८० टक्के आर्द्रतेत ठेवलेले लाकूड हळूहळू स्वतःच्या वजनाच्या १५ ते १६ टक्के ओलावा धरते. त्याच तापमानाला २० टक्के आर्द्रतेत तोच ओलावा साडेचार टक्क्यांवर येतो. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पहिली स्थिती असते आणि मेच्या दुपारी दुसरी. स्प्रूसचे उभ्या रेषांचे पान ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे आडवे साधारण ०.१५ टक्के आकसते. आपली तबली सर्वांत रुंद जागी ३९० मि.मी. धरली, तर पावसाळी हवेतून उन्हाळी हवेत पूर्ण मुरल्यावर ती सुमारे ६ मि.मी. अरुंद होऊ पाहील. घरातली हवा बाहेरइतकी टोकाला जात नाही आणि पॉलिशमुळे ही देवाणघेवाण मंदावते, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी भरेल. पण पॉलिश फक्त बाहेरून असते, आतले अंग उघडेच असते.

मोकळे पान सहा काय, दहा मिलिमीटर आकसले तरी बिघडले नसते. पण तबलीच्या आत पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या तबलीच्या रेषेला आडव्या किंवा तिरप्या जातात. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. म्हणजे पान अरुंद होऊ पाहते आणि पट्टी त्याला होऊ देत नाही. आपण ऑगस्टमध्ये, पान फुगलेले असताना, त्याला त्या रुंदीवर कायमचे बांधून टाकले. नोव्हेंबरपर्यंत ते ताणले गेले असेल, फेब्रुवारीत तबलीची बाहेरची हलकी फुगवट सपाट झाली असेल, एप्रिलमध्ये ती खाली बसली, तारा फ्रेटच्या जवळ आल्या आणि खरखर सुरू झाली. मे महिन्यात ताण सोसेनासा झाला. उलट कोरड्या हवेत बांधलेली गिटार पावसाळ्यात फुगते, तारा वर उचलल्या जातात, वाजवायला जड जाते. पण ती सहसा फुटत नाही. दोन संकटांपैकी हे दुसरे केव्हाही परवडले.

म्हणून तबलीवर आणि मागच्या पानावर पट्ट्या चिकटवणे आणि दोन्ही पाने बाजूंना जोडून पेटी बंद करणे ही कामे हवेत ४० ते ४५ टक्के आर्द्रता असतानाच करावीत. नागपुरात तशी हवा दिवाळीनंतर होळीपर्यंतच्या दिवसांत बहुधा मिळते, पण ‘बहुधा’वर न राहता डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा. तो खरा दाखवतो का, हे घरीच पाहता येते : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याच्या थेंबांनी नुसते ओलसर करा, मापकासह ते हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा; सकाळी आकडा ७५ असावा. ७० दाखवत असेल तर आपला मापक पाच कमी दाखवतो, एवढे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

पावसाळ्यातच काम उरकायचे असेल तर प्लायवुडची पेटी करून तिच्यात ४० किंवा ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब लावावा. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. पाने आणि पट्ट्या त्या पेटीत दोन-तीन आठवडे ठेवून, बाहेर काढल्या काढल्या चिकटवून, गोंद सुकेपर्यंत पुन्हा आत ठेवाव्यात. बल्बला जाळी लावावी आणि भुसा-ढलप्या त्याच्याजवळ जाऊ देऊ नयेत. जून ते सप्टेंबर हा काळ खरे तर साचे, दांडीची कोरीव घडण आणि हत्यारांची निगा यांना द्यावा. ती कामे थोड्याफार ओलाव्याला भीत नाहीत.

कूलरचे प्रकरण वेगळे. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा हॉलमधली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर नेते आणि त्याच वेळी आतल्या खोलीत ती वीसवर असते. कूलर दुपारी चालतो, रात्री बंद होतो, पाणी संपले की नुसता पंखा गरम हवा फेकतो. त्या झोतासमोर टांगलेल्या गिटारचा दिवसातून दोनदा पावसाळा आणि दोनदा उन्हाळा होतो. मार्च ते जून गिटार तिच्या पेटीत, म्हणजे केसमध्येच, ठेवावी, आणि पेटीत भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळून काढलेला स्पंज ठेवावा. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी पाहावा लागतो; आपल्याकडे तो चोवीस तासांतही कोरडा होऊ शकतो.

दुरुस्तीची घाई करू नका. तडा उघडा असताना त्यात गोंद किंवा लाकडाचा भुगा भरला तर पावसाळ्यात पान फुगताना तीच भर पाचरीचे काम करील. आधी गिटार बंद केसमध्ये ५० टक्के आर्द्रतेच्या आसपास आठवडाभर-दहा दिवस ठेवा. तडा मिटत आला की पातळ केलेला गोंद बोटाने आत मुरवा, ब्रिजजवळ हलका दाब द्या आणि आतून, तड्याला आडव्या रेषेच्या, दीड-दोन मि.मी. जाडीच्या स्प्रूसच्या छोट्या टिकल्या चिकटवा. त्यानंतरही खरखर राहिली तरच ट्रस रॉडला, म्हणजे दांडीचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळीला, हात लावा. पुष्कळ जण नेमके उलटे करतात : मे महिन्यात रॉड सैल करतात आणि ऑगस्टमध्ये तारा एवढ्या वर का, म्हणून विचारतात.

हवा कोरडी पडू लागली हे ओळखण्याची एक खूण सांगून ठेवतो. दांडीच्या कडेवरून अंगठा नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) गिटारच्या अंगापर्यंत सरकवत न्या. फ्रेटची टोके बोचू लागली असतील तर फिंगरबोर्डचे, म्हणजे फ्रेट बसवलेल्या दांडीवरच्या फळीचे, लाकूड आकसले आहे आणि धातू होता तेवढाच राहिला आहे. ही खूण तड्याच्या बरीच आधी मिळते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांच्या जुन्या वहीत फ्रेटच्या जागा काढण्यासाठी ‘उरलेल्या लांबीचा अठरावा भाग’ असे लिहिले आहे. मोबाइलवरील गणक १७.८१७ ने भागतो. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार?
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : पहिल्या फ्रेटला काही बिघडत नाही, बाराव्याला बिघडते. आजोबांचा नियम जुना आणि मानाचा आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई यांनी तो १५८१ साली मांडला होता. पण अष्टकात बारा समान स्वरांतरे हवी असतील तर प्रत्येक पायरीचे गुणोत्तर २ चे बारावे मूळ, म्हणजे १.०५९४६ असते, आणि त्यातून भाजक १७.८१७ येतो. नट ते सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकणारी पट्टी) ६४८ मि.मी. लांबी धरून दोन्ही हिशेब करून पाहा. १७.८१७ ने बारावा फ्रेट नेमका ३२४ वर, मध्यावर येतो. १८ ने तो ३२१.६ वर येतो. जवळजवळ अडीच मिलिमीटरची चूक कानाला लगेच कळते.

गणित करताना मागच्या फ्रेटपासून पुढचा काढला तरी चालेल, पण लाकडावर खूण करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. मागच्या खुणेपासून मोजत गेलात तर प्रत्येक वेळची पाव मिलिमीटरची चूक साठत जाते. ६४८ च्या लांबीला ताळा पाहण्यासाठी काही जागा देतो : पहिला फ्रेट ३६.३७, दुसरा ७०.७०, तिसरा १०३.१०, पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१ आणि बारावा ३२४. कागदावर छापलेला नमुना चिकटवणार असाल तर आधी त्यावरचे ३२४ चे अंतर पोलादी पट्टीने मोजा. छपाईयंत्र पान ‘बसवण्यासाठी’ आकार दोन-तीन टक्क्यांनी लहान करते आणि पावसाळ्यात कागद स्वतःही वाढतो. खाच कापायला साधी करवत वापरू नका. खाचेची रुंदी सुमारे ०.६ मि.मी. असावी लागते, नाहीतर फ्रेट धरत नाही.

एवढे करूनही सॅडल ६४८ वर बसवू नये. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणून सॅडल थोडे मागे सरकवतात. स्टीलच्या तारांना पातळ तारेकडे सुमारे २ ते ३ आणि जाड तारेकडे ४ ते ५ मि.मी. पुरते, म्हणूनच सॅडल तिरपे दिसते.

प्रश्न : लग्नाला जाताना गिटार गाडीत ठेवली होती. मे महिना, मंगल कार्यालयाच्या आवारात गाडी दुपारभर उन्हात. संध्याकाळी पाहतो तर ब्रिज मागून उचकटलेला. फेव्हिकॉलने चिकटवला होता. पुन्हा तोच लावू का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : उन्हातल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकते आणि त्या उष्णतेला कोणताही पांढरा पीव्हीए गोंद, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, मऊ पडतो. कपाटाच्या सांध्यावर सतत ओढ नसते म्हणून तिथे हे कळत नाही. ब्रिजवर सत्तर किलोंची ओढ रात्रंदिवस असते. वाद्यकामासाठी मिळणारा पिवळा ॲलिफॅटिक गोंद या बाबतीत बराच बरा आहे. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, ओढीखाली सरकत नाही आणि पुढे कधी सांधा उकलायचा झाल्यास उष्णता व ओलाव्याने सुटतो. परंतु तो गरम ठेवून झटपट लावावा लागतो आणि पहिल्या वाद्यावर तो कसब शिकण्याची वेळ नव्हे.

गोंद बदलण्यापूर्वी उचकटलेल्या ब्रिजचा तळ नीट पाहा. तिथे तबलीचे तंतू चिकटून आले असतील तर सांधा चांगला होता आणि उष्णतेने हरला. तळ गुळगुळीत आणि तबलीवर पॉलिशची चकाकी दिसत असेल तर ब्रिज पॉलिशवर चिकटवला गेला होता. तो डिसेंबरातही निघालाच असता. ब्रिजचा ठसा धारदार पातीने आखून आतले पॉलिश लाकडापर्यंत खरवडून काढा आणि मगच चिकटवा. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी गोंदावर दोन-तीन मिनिटांत साय धरते आणि आपण अजून क्लॅम्पचा स्क्रू शोधत असतो. गोंद न लावता सगळे क्लॅम्प एकदा बसवून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

प्रश्न : चपड्या लाखेचे स्पिरिट पॉलिश केले. दुसऱ्या दिवशी त्यावर दुधासारखी पांढरट झाक आली. लाख भेसळीची होती का?
— एक वाचिका, वर्धमाननगर

उत्तर : पत्रावर तारीख १९ जुलै आहे, उत्तर तिथेच आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर जमते आणि थरात अडकते. कोरड्या दिवशी, शुद्ध स्पिरिटचा हात अगदी हलका फिरवला तर झाक बहुधा जाते. तरीही एक खात्री करून घ्या : विरघळवून ठेवलेले लाखेचे पॉलिश सहा महिन्यांहून जुने असेल तर ते नीट कडक होत नाही. काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून पाहा. चिकट लागला तर ती बाटली खुर्च्यांनाही वापरू नका.

प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी बंद करून छोटी कार्यशाळा केली आहे. मुलगी सात वर्षांची आहे. बाजूच्या पट्ट्या वाकवण्यासाठी वाफेचे यंत्र लागते का, आणि लाकडाच्या भुश्याने काही अपाय होतो का? आवाजावरून शेजारच्या काकूंनी आधीच एकदा सुनावले आहे.
— एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : वाफेचे यंत्र नको. दोन-अडीच इंच व्यासाचा धातूचा पाइप शिकंजात आडवा धरून आतून तापवला की काम होते. पाण्याचा शिंतोडा त्यावर उडून नाचू लागला म्हणजे तो तयार आहे; लाकूड काळे पडू लागले तर जास्त तापला आहे. पट्टी २ मि.मी. किंवा किंचित कमी जाडीची, सगळीकडे सारखी तासलेली असावी. ती हलकी ओली करून पाइपवर पुढेमागे झुलवत दाबावी. लाकूड क्षणभर विरोध करते आणि मग हाताखाली अचानक सैल पडते. तो क्षण येण्याआधी जोर लावला तर पट्टी मोडते. कमरेचा आतला बाक आधी घ्यावा, कारण तो सर्वांत घट्ट असतो आणि मोडायचीच असेल तर ती तिथे, श्रम कमी झालेले असताना, मोडावी. आतून गॅसची ज्योत सोडून तापवण्याची पद्धत आहे, पण बंद बाल्कनीत ती अजिबात करू नये. विजेचा हीटिंग एलिमेंट, अर्थिंग आणि आरसीसीबीसह (वीज गळू लागताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह), वापरावा.

भुश्याचा प्रश्न आपण मुलीमुळे विचारला, पण तो सर्वांनीच विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या निश्चित कारणांत गणते; नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातला मुख्य. साग आणि शिसम यांच्या धुळीने त्वचेवर पुरळ किंवा दम्यासारखा त्रास काहींना होतो, आणि एकदा सुरू झाला की पुढे थोड्या धुळीनेही होतो. कपाशीचा साधा रुमाल इथे उपयोगाचा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा लावावा. बाल्कनी आणि घर यांमधले दार बंद असावे, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि कामाचे कपडे तिथेच उतरवावेत. मुलीला सोबत घ्यायचे असेल तर रंधा मारताना घ्या. रंध्याच्या ढलप्या जमिनीवर पडतात, हवेत तरंगत नाहीत. खरी धूळ पॉलिश पेपर आणि इलेक्ट्रिक सँडरची असते. काकूंचेही गाऱ्हाणे त्याने मिटेल. बाल्कनीच्या कार्यशाळेत राउटर आणि सँडर न घेता धारदार रंधा आणि खरवडणीची पोलादी पाती यांवर भागवावे.

प्रश्न : फिंगरबोर्डसाठी एबनीचे काळे लाकूड फार महाग पडते. इथे पर्याय आहे का? आणि शिसम वापरले तर मुलाला गिटार परदेशी नेता येईल का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ज्याच्या पानांच्या विड्या होतात तो तेंदू एबनीच्याच कुळातला आहे आणि जुन्या झाडाचा गाभा काळा, जड व चिवट असतो. मात्र काळा भाग अरुंद निघतो आणि वाळताना त्याला चिरा पडतात. फिंगरबोर्डला ६० मि.मी. रुंद आणि ४८० मि.मी. लांब, बिनचिरेचा तुकडा लागतो. तो मिळाला तर टोकांना मेण लावून एक उन्हाळा आणि एक पावसाळा घरात पडू द्यावा. शिसम सहज मिळते आणि पहिल्या-दुसऱ्या वाद्याला तेच बरे. फक्त दुकानदार शिसम म्हणून उत्तरेकडचे सिस्सूही देतात. ते वाईट नाही, पण रंगाने फिके आणि कमी घट्ट असते, तेव्हा दक्षिणेच्या गडद जांभळट शिसमाचा भाव त्याला देऊ नये.

परदेशी नेण्याविषयी : जानेवारी २०१७ पासून शिसमाच्या संपूर्ण कुळाला साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराची बंधने लागू झाली, तेव्हा गिटारवाल्यांची फार तारांबळ उडाली होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. मुलगा स्वतः वाजवण्यासाठी तयार गिटार नेणार असेल तर अडचण येऊ नये; नुसती लाकडाची फळी किंवा अर्धवट वाद्य मात्र त्या सुटीत बसत नाही. लाकूड घेताना पक्के बिल घ्यावे आणि ते गिटारच्या पेटीतच ठेवावे.